गडग्यापलीकडचं मेलबर्न

"हे बघ, दोन्ही गाड्या जातात ऑस्ट्रेलियालाच," बाबूमामा म्हणाला आणि त्याने मिसळीच्या दोन रिकाम्या प्लेटा टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. "ही चारशे ब्याऐंशी. ही चारशे एक्क्याण्णव. आता बोल, कुठल्या गाडीत चढायचं?"

राहीने प्लेटांकडे पाहिलं. एकीत कट सांडला होता.

"मामा, व्हिसा आहेत ते. एसटी नाहीत."

"नंबर हाय ना? नंबर हाय म्हणजे गाडी हाय."

हातखंब्याच्या तिठ्यावर तेवीस वर्षं हॉटेल चालवणाऱ्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाबूमामा म्हणजे राहीच्या नवऱ्याचा, ऋत्विकचा, सख्खा मामा. हायवेवरून रत्नागिरीकडे वळणारी कुठली गाडी किती उशिरा येणार, हे त्याला डेपोच्या आधी कळायचं. जगातली कुठलीही गोष्ट एकदा वेळापत्रकात बसवली की मग ती मामाला समजायची. स्वतःच्या मुलीचं लग्नही त्याने 'पाऊण तास लेट, पण सुखरूप' असंच सांगितलं होतं.

झालं होतं असं, की दीड वर्ष कागद पाठवून, परीक्षा देऊन, पुन्हा कागद पाठवून राही थकली होती. आणि मग अचानक शुक्रवारी एक आणि शनिवारी एक अशी दोन उत्तरं तिच्या ईमेलवर येऊन पडली. पहिलं मेलबर्नच्या एका कंपनीचं. शीतगृहं सांभाळणारी कंपनी. नोकरी पक्की, चारशे ब्याऐंशीचा व्हिसा त्यांनीच काढायचा. दोन वर्षं त्यांच्याकडे काम केल्यावर त्यांच्या मनात असेल तर कायमच्या वास्तव्यासाठी ते तिचं नाव पुढे करणार. राहायला खोली, पण चार कामगार बायकांत मिळून एक. नवरा आणि मूल मागाहून, स्वतःची जागा परवडायला लागली की. होय-नाही गुरुवारपर्यंत कळवायचं.

दुसरं पत्र सरकारी, चारशे एक्क्याण्णवचं. टास्मानिया नावाच्या बेटावरच्या राज्याने तिची शिफारस केली होती. आता साठ दिवसांत अर्ज भरायचा. नवरा, मुलगी, सगळे एकाच अर्जात. पाच वर्षांचा परवाना, मोठ्या शहरात राहायचं नाही, तीन वर्षं नेमाने राहिलं आणि काम केलं की कायमचं वास्तव्य मागता येणार. नोकरी मात्र तिकडे उतरल्यावर आपली आपण शोधायची.

"ब्याऐंशी म्हणजे मुंबईची रातराणी," मामा सांगू लागला. "सीट रिझर्व, वर पांघरूण. पण तिकीट एकाचंच, आणि तेही कंडक्टरच्या खिशात. कंडक्टर खवळला की कशेडी घाटात उतरवणार."

"आणि एक्क्याण्णव?"

"वाडीची लाल गाडी. अख्खं घर चढतं. वर फणस टाका, पायाशी कोंबडी घ्या. बसायला मिळेल याची खात्री नाय, गावोगाव थांबणार, पण स्टँडात पोचणार म्हणजे पोचणार."

"मग लाल गाडी बरी म्हणता?"

"मी कशाला म्हणू? रातराणीत झोप लागते गो." मामाने दोन्ही प्लेटा उचलल्या. "मी काय सांगितलं ते तुजी सासू उद्या मलाच विचारील."

राही स्कूटरला किक मारून निघाली तेव्हा तिचं डोकं त्या दोन प्लेटांसारखं खडखडत होतं.

राहीचं माहेर समुद्रकाठच्या नाटे गावचं. बापाची होडी, आईची मासळीची पाटी, आणि गावाच्या टोकाला बर्फाची फॅक्टरी. इतर मुली शिंपल्या वेचायच्या तेव्हा ही फॅक्टरीच्या भिंतीला कान लावून उभी राहायची. आतला कॉम्प्रेसर कधी खोकतो, कधी घोरतो, कधी नुसताच कण्हतो, हे तिला नवव्या वर्षी कळायचं. एकदा ती आत जाऊन फॅक्टरीच्या शेठना म्हणाली, "काका, तुमचं मशीन आज रडतंय." शेठ हसले. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं, चाळीस होड्यांची मासळी उन्हात तापली, आणि शेठ तिच्या बापाला म्हणाले, "हिला आयटीआयला घाल."

रेफ्रिजरेशनच्या वर्गात एकवीस मुलगे आणि ही एक. पुढे मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाच्या फॅक्टरीवर लागली ती नऊ वर्षं टिकली. पहाटे होड्यांचे तांडेल लाद्या भरायला आले की मशीनकडे बघायच्या आधी विचारायचे, "बाय आलीय ना?" बाय आलेली असली की बर्फ घट्ट, असा त्यांचा हिशेब.

ऋत्विक तिला भेटला तो त्याच्या हायस्कुलातला वॉटर कूलर बिघडला म्हणून. तो तिथे चित्रकला शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. तिने कूलर दोन तासांत दुरुस्त केला. पुढच्या दोन महिन्यांत तो कूलर आणखी तीनदा बिघडला. चौथ्या वेळी राही म्हणाली, "सर, ही वायर उंदराने नाही, कात्रीने कापलीय." ऋत्विकने कात्री काढून दाखवली आणि लग्नाचं विचारलं.

मेलबर्नच्या कंपनीनेही तिला कानावरच निवडलं होतं. व्हिडिओवर मुलाखत चालू होती, पलीकडचा साहेब प्रश्नांवर प्रश्न विचारत होता आणि राहीचं लक्ष भलतीकडेच. शेवटी तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की साहेब, तुमच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे जे मशीन चालू आहे ना, त्याचं बेअरिंग चाललंय. साहेब तेव्हा नुसता हसला. नऊ दिवसांनी त्याचं पत्र आलं: बेअरिंग गेलं, तुम्ही कधी येता?

तर अशी ही राही. मशीनचं पोट तिला न उघडता कळायचं. पण दोन ईमेलींपुढे ती गेले दोन दिवस नुसती बसून होती.

घरी सासूबाई पडवीत पडवळ चिरत बसल्या होत्या. गुणवंती त्यांचं नाव. अंगाने किरकोळ, आवाजाने अख्ख्या वाडीला पुरतील अशा. शेजारी सहा वर्षांची सानवी पडवळाच्या बियांची रांग लावत होती.

"काय म्हणाला माजा भाऊस?"

"रातराणी की लाल गाडी, असं म्हणाला."

"त्याला दुसरं काय येतंय!"

ऋत्विक लगेच पुढे सरसावला. "मी आधीपासून सांगतोय, एक्क्याण्णव. त्यात माझे पाच गुण आहेत."

हे पाच गुण म्हणजे ऋत्विकची फुगलेली छाती होती. जोडीदाराला इंग्रजी येत असेल तर अर्जात पाच गुण वाढतात, म्हणून त्याने परीक्षा दिली होती. तोंडी परीक्षेत 'तुमच्या आवडत्या जागेबद्दल दोन मिनिटं बोला' म्हटल्यावर हा मामाच्या हॉटेलावर इतका बोलला, की परीक्षक बाईंनी शेवटी मिसळीत काय काय असतं ते विचारलं. निकाल लागल्यावर त्याने वाडीत पेढे वाटले होते.

"पण तिकडे नोकरी नाही रे हातात," राही म्हणाली. "तिघं जाऊन उतरायचं, आणि मी दारोदार विचारत फिरायचं, फ्रिज बिघडलाय का कुणाचा? तिकडचा गॅसचा परवानाही वेगळा काढायचा. मेलबर्नला सगळं तयार आहे. मी पुढे जाते. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

पडवळावरची सुरी थांबली.

"दोन वर्षं म्हणजे केवढी गो?" गुणवंतीने विचारलं.

"केवढी म्हणजे? चोवीस महिने, आई."

"मोजून नको सांगू. तुज्या सासऱ्यानी पण मोजूनच सांगितलेलान."

राहीला ती गोष्ट ठाऊक होती. सासरे, दादू, परळच्या एका छापखान्यात होते. गावातल्या अकरा पुरुषांबरोबर एका गाळ्यात राहायचे. गणपतीला आणि शिमग्याला यायचे आणि निघताना दर वेळी म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुला नेतो." अशी अठ्ठावीस वर्षं. गाळ्यात बायकांना जागा नव्हती. निवृत्त होऊन कायमचे आले ते एक वर्ष जगले. गुणवंतीने मुंबई अजून पाहिली नव्हती.

"मग तुम्ही म्हणता एक्क्याण्णव?" राहीने हळूच विचारलं.

गुणवंतीने सानवीच्या बियांच्या रांगेकडे पाहिलं. मग मान हलवून सुरी पुन्हा चालवली. "मी कायच म्हणत नाय. नाटक करायचं तर आधी तालीम करतात का नाय? मग करून बघा. तीन दिवस. तू मेलबर्नला जा."

"कुठे?"

"मांगरात."

मांगर म्हणजे घरामागचं छप्पर. पूर्वी तिथे बैल असायचे. आता राहीकडे दुरुस्तीला आलेले फ्रिज दारं उघडी टाकून उभे असायचे. घर आणि मांगर यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा.

"गडगा म्हणजे समुद्र," गुणवंतीने ठरवून टाकलं. "ओलांडायचा नाय. बोलायचं ते फोनवर. घड्याळ तिकडचं. आनि जेवण आपलं आपण रांधायचं."

"आई, हा काय पोरखेळ!" ऋत्विक म्हणाला.

"मी खेळणार!" सानवी ओरडली, आणि तिथेच ठराव पास झाला.

सोमवारी ऋत्विकने मांगरावर पाटी लावली. वाडीच्या नाटकांचे पडदे तोच रंगवायचा, त्यामुळे 'मेलबर्न'च्या शेजारी एक कांगारू आला. कांगारूचं तोंड थोडं बाबूमामासारखं झालं होतं. भिंतीवरचं घड्याळ त्याने साडेचार तास पुढे केलं, आणि मग तिघांनी मिळून गणित मांडलं तेव्हा सगळ्यांचे डोळे फिरले. सानवी शाळेतून यायची सव्वापाचला. तेव्हा मेलबर्नला पावणेदहा. आणि तिकडे पहाटे उठून कामाला जायचं तर दहाला पाठ टेकायलाच हवी.

"म्हणजे पंधरा मिनिटं?" राही म्हणाली.

"सकाळी बोलायचं की," ऋत्विक म्हणाला.

"सकाळी ती उठते तेव्हा मी तिकडे शिडीवर."

"मग रविवारी."

"रविवार या तीन दिवसांत नाय," गुणवंती म्हणाली. "निघा आता. येते म्हण, जाते नको म्हणू."

राही उशी, स्टोव्ह आणि तांदळाचा डबा घेऊन समुद्र ओलांडून गेली. फॅक्टरीत तिने तीन दिवसांची रजा टाकली होती. कारणाच्या रकान्यात 'परदेश प्रवास' असं लिहिलं होतं.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर झाली. शेजारची कमळा पहिली आली. गडग्याच्या अलीकडे उभं राहून तिने पलीकडे हाक मारली, "राही, मेलबर्नात नारळ मिळतो का गो?"

"फोन करा, काकी! असं बोलायचं नाही!"

"माज्याकडे तुजा तिकडचा नंबर नाय!"

मग बाबूमामा हॉटेल सोडून खास आला. हातात झाकलेलं ताट. गुणवंती गडग्यावर बसलीच होती.

"थांब. कस्टम. काय हाय?"

"आक्का, तुकडी सुरमईची. पोर नाट्याची गो, माशाशिवाय तिचा जीव जाईल."

"ताजी नाय चालत. परत ने."

"तळलेली हाय! तळलेली चालते, मी विमानतळावर जाऊन आलोय, दाभोळकरांच्या मुलाला सोडायला."

"आत गेलेलास?"

"बाहेरून बघितलंय सगळं."

गुणवंतीने झाकण उचललं, तुकडी उलटी केली, सुलटी केली, एक कोपरा तोडून तोंडात टाकला. "मीठ कमी हाय. जप्त." आणि खरोखरच ती सगळी सुरमई तिने आणि कमळाने गडग्यावर बसून संपवली. मेलबर्नमध्ये राही पिठलं ढवळत होती. वास समुद्र ओलांडून आला. ती हसत हसत ओरडली, "आई, हा अन्याय आहे!"

"फोन कर!" पलीकडून उत्तर.

सव्वापाचला सानवी दप्तरासकट फोनवर आली. तिच्या दोन वेण्या ऋत्विकने घातल्या होत्या. एक कानाच्या वर, दुसरी जवळजवळ पाठीवर.

"आई, तू दोनदा ऐकू येतेस! एकदा फोनमधून आणि एकदा मांगरातून!"

"मांगर नाही, मेलबर्न. सांग, काय केलंस?"

तिने जे सांगितलं त्याला पंधरा मिनिटं अपुरी पडली. बाईंच्या पदराला टोळ चिकटला होता. डब्यातली भेंडी तिने मैत्रिणीला, भाविकाला, दिली आणि भाविकाने ती कुत्र्याला दिली आणि कुत्र्याने कुणालाच दिली नाही. वेण्यांना बाई हसल्या. बाबांनी पोळी करपवली पण आजी म्हणाली की ती तशीच असते. दहा वाजले, म्हणजे साडेपाच वाजले, तेव्हा राहीने फोन ठेवला आणि उन्हं मांगराच्या कौलांतून आत येत असताना डोळ्यांवर ओढणी बांधून आडवी झाली. पोट धरून हसत होती ती. दोन वर्षं अशीच गेली तर काय हरकत आहे?

मंगळवार त्याहून बरा गेला. आणि तीच मुळी पंचाईत झाली.

राहीला सात वर्षांत पहिल्यांदा आठ तास सलग झोप लागली. कुणी 'मीठ कुठेय' विचारलं नाही. कुणी 'माझा मोजा' म्हणून ओरडलं नाही. तिने दोन फ्रिज उघडून, पुसून, गॅस भरून चालू केले, आणि ते एका सुरात गुणगुणायला लागले तेव्हा ती मध्ये उभी राहून चक्क गिरकी घेऊन नाचली. मग तिला कसंसंच झालं. आपण इतक्या खुशीत असू, हे तिने धरलंच नव्हतं. गडग्यापलीकडे ऋत्विक वेणीशी झगडत होता, दूध उतू जात होतं, आणि ती इथे नाचत होती.

त्या दिवशी सानवीचा फोन आठ मिनिटांत आटोपला. राहीने घड्याळ पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. पोरगी दमली असेल. रात्री, म्हणजे त्यांच्या मेलबर्नच्या रात्री, तिने मनातल्या मनात कंपनीला उत्तर लिहूनही टाकलं: येते.

बुधवारी सव्वापाचला फोन वाजला.

"आई, मी बरी आहे. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. आज शाळेत—"

"जेवलीस?"

"जेवले. बाई काय—"

"इकडे सगळं ठीक आहे. ठेवते हं."

राहीने फोनकडे पाहिलं. पूर्ण मिनिटही झालं नव्हतं. दाराच्या फटीतून तिला दिसलं, सानवी फोन पायरीवर ठेवून भाविकाबरोबर उड्या मारत निघाली होती. रडत नव्हती, रुसलीही नव्हती. तिला सवय झाली होती. तीन दिवसांत.

आणि तेवढ्यात घराच्या मागच्या दारात तांब्याची कळशी धाडदिशी पडली.

गुणवंती गडगा चढत होती. साडीचा काष्टा खोचून, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्येच अडकलेली.

"आई! समुद्र!" राही धावली.

"गेला खड्ड्यात तुजा समुद्र! मला धर!"

राहीने तिला उतरवून घेतलं. गुणवंती मांगरात येऊन एका उताण्या फ्रिजवर बसली आणि धापा टाकत राहिली.

"ऐकलंस काय बोलली ती?" तिने विचारलं. "मी बरी आहे, तू बरी आहेस ना, ठेवते. हे कुणी शिकवलंन तिला? मी नाय शिकवलं. ऋत्विकनी नाय शिकवलंन."

"आई, लहान आहे ती—"

"तेच शब्द गो! वाडीतल्या दुकानावर फोन यायचा तुज्या सासऱ्याचा, दर आयतवारी. पहिल्या वर्षी इतकं बोलायचा की दुकानदार ओरडायचा. मग हळूहळू... मी बरा हाय, तुम्ही बरी असाल, ठेवतो. शेवटी शेवटी तर मला कळायचंच नाय, काय बोलायचं. माणूस माजा, आनि काय बोलायचं ठाऊक नाय!" तिने पदराने नाक पुसलं. "तिला तीन दिवसांत आलं. मला तरी चार वर्षं लागली."

राही खाली जमिनीवर बसली. दोन फ्रिज त्यांच्या पाठीशी गुणगुणत होते.

"एक सांगू? मारशील मला." गुणवंतीने आवाज खाली आणला, वाडीला न पुरणारा तिचा आवाज राहीने पहिल्यांदाच ऐकला. "तीन दिवस मी मुद्दाम सांगितले. पहिले तीन दिवस सोपेच जातात. चाकरमान्याचे पण आनि मागे राहणाऱ्याचे पण. माजं गणित व्हतं. तू हसत हसत तीन दिवस काढशील, म्हणशील दोन वर्षं काय कठीण, आनि एकटी जाशील. मग पोर राहील इथे. ऋत्विक राहील. माज्याजवळ."

राहीने कपाळावर हात मारला. मग तिला हसूच फुटलं.

"आई! तुम्ही मला फसवलंत!"

"फसवलं नाय. तालमीत जरा घोळ केला."

"आणि मी फसलेही होते! होकार लिहिला होता मी मनात!"

"मनातला खोड. आनि त्या लाल गाडीत बसा तिघं. उभ्याने जा, लोंबकळत जा, पण एका गाडीतून जा. मी अठ्ठावीस वर्षं वाट बघितलीय, मला ठाऊक हाय वाट बघून काय होतं. माणूस येतो. पण येतो तो दुसराच."

"आणि तुम्ही? त्या अर्जात सासू बसत नाही, आई. मी तीनदा वाचलंय. इथे एकट्याच राहाल."

"मला सराव हाय," गुणवंती म्हणाली. "सानवीला नको तो सराव."

राहीने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. गुणवंतीने तिच्या केसांवरून हात फिरवला. गुणवंतीचा आवाज वाडीला इतका वेळ ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण ऋत्विक आणि सानवी घाबरून पळत गडग्याशी आले.

"काय झालं? आजी पडली?"

"आजी मेलबर्नला गेली!" सानवी किंचाळली. "बिनव्हिसाची!"

राहीने डोळे पुसले, फोन उघडला आणि सगळ्यांसमोर मेलबर्नला उत्तर लिहिलं. तुमचे आभार, मी दुसऱ्या वाटेने येते आहे, सहकुटुंब, थोडी उशिरा. दरम्यान दुसऱ्या बाजूचं बेअरिंगही बघून घ्या, मुलाखतीत तेही मला बरं वाटलं नव्हतं. मग तिने टास्मानियाचं पत्र उघडलं. अजून पंचावन्न दिवस होते. राहीने ते पुन्हा एकदा वाचलं. नोकरी नाही, ओळख नाही, एक अख्खं अनोळखी बेट. पण त्या बेटाकडे आता चौघं एकदम बघत होती, त्यामुळे ते तेवढं लांब वाटेना.

"माझे पाच गुण!" ऋत्विक दोन्ही हात वर करून नाचू लागला. "माझे पाच गुण कामाला आले!"

"नाच नंतर. आधी पोरीची वेणी सरळ कर," गुणवंती म्हणाली. आणि मग, जणू सहज विचारावं तसं, "राही, तिकडे नुसतं बघायला जायचं असेल, राहायला नाय, तर काय करतात गो?"

"पाहुण्यांचा वेगळा व्हिसा असतो, आई. तीन महिने, कधी जास्तही."

"त्याचा नंबर?"

"सहाशे."

गुणवंतीचा चेहरा हळूहळू उजळला. "सहाशे? म्हणजे तुमच्या दोन्हींपेक्षा मोठा?"

"मोठा म्हणजे... हो, नंबर मोठा आहे."

"बाबूला फोन लाव!"

फोन लागला. मागे हॉटेलात कपबश्यांचा आवाज, एसटीचा हॉर्न. "मामा," राही म्हणाली, "सहाशे नंबर कुठली गाडी?"

पलीकडे मामाने वेळापत्रक चाळल्याचा आवाज आला. तेवीस वर्षांत बाबूमामाला पहिल्यांदाच एक नंबर ठाऊक नव्हता. मग तो ओरडला, "कोण जाणार त्या गाडीत?"

"तुमची आक्का."

"मग ती जादा गाडी! सणाला सोडतात ना, ती! चाकरमान्यांसाठी इकडे येते. आक्कासाठी तिकडे जाईल!"

गुणवंती फ्रिजवरून उठली. परळला न पोचलेली ती बाई आता थेट टास्मानियाच्या स्टँडात उतरल्यासारखी ताठ उभी होती. "मग मला पण तालीम हवी," तिने जाहीर केलं. "आजपासून तीन दिवस मी इथे राहणार. राही, तू घरी जा. पाहुणी म्हणून कसं राहायचं ते शिकून घेते. कोण काय विचारायला येणार नाय, पहिलंच सांगून ठेवते!"

ऋत्विकने ब्रश आणला. पाटीवरच्या मेलबर्नवर रंग फिरवला आणि वर टास्मानिया लिहिलं. कांगारू तसाच ठेवला. सांजेला गुणवंती उशी काखेत मारून, एका पिशवीसह, डोक्यावर पदर घेऊन गडग्याशी आली. तिथे सानवी आधीच बसली होती. एक वेणी वर, एक खाली, हातात पट्टी.

"थांबा. कस्टम," सानवी म्हणाली. "पिशवीत काय आहे?"

"कपडे हायत गो."

सानवीने पिशवीत हात घातला, नाक मुरडलं आणि सुक्या बोंबलांची एक जुडी बाहेर काढली.

"आजी, हे काय?"

गुणवंतीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. राही मागे तोंडावर हात दाबून उभी होती.

"औषध," गुणवंती म्हणाली, आणि पदर खोचून समुद्र चढायला लागली.